हिरॉईन, साहेब आणि बुवा

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या रणकंदन चाललंय. विषय तसा साधा: मे महिन्यातल्या सत्यनारायणाच्या वार्षिक पूजेला पाहुणे म्हणून कोणाला आणायचं. मुंबई मंडळातल्या पोरांचं म्हणणं, एखाद्या मालिकेतली हिरॉईन आणू, पब्लिक तरी येईल. जुनी मंडळी म्हणतात, साहेबांना बोलवा, पाखाडीचं, म्हणजे दगडी पायवाटेचं, काम अडकलंय ते तरी मार्गी लागेल. तिसरा गट बुवांचा: कीर्तन ठेवा, मनाला शांती मिळेल. मध्येच एका काकींनी गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' पाठवून वाद मिटवायचा प्रयत्न केला. तो मिटला नाही.

मला गंमत वाटली ती वेगळीच. तिन्ही गट एकमेकांच्या उरावर बसलेत, पण श्रद्धा तिघांची एकच. कोणीतरी मोठं माणूस येऊन दोन तास आपल्यात बसलं की आपलं काहीतरी भलं होतं, ही ती श्रद्धा. खरंच होतं का? बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

हिरॉईनचं आधी उरकते, तिथे फार वेळ लागायचा नाही. सचिन तेंडुलकरने आपला पन्नासावा वाढदिवस, 2023 चा, सिंधुदुर्गात समुद्राकाठी साजरा केला. पुढे त्याचा व्हिडिओही टाकला. तो आमच्या अख्ख्या खानदानाने एकमेकांना पाठवला, मीही पाठवला. कोकणाचं नाव झालं, होमस्टेवाल्यांना चार गिऱ्हाइकं जास्त मिळाली असतील तर आनंदच आहे. पण गिऱ्हाईक मिळणं आणि सुखी होणं यात आपण गल्लत करतो. माझा अंदाज असा, की एवढा प्रसिद्ध माणूस आपल्याकडे येतो तो घटकाभर प्रसिद्धी अंगावरून उतरवायला. आणि आपण कॅमेरा घेऊन वाटेत उभे!

प्रसिद्धी किंवा अचानक आलेला पैसा माणसाला कितपत सुखी करतो, याची एक जुनी पाहणी मला फार आवडते. 1978 साली अमेरिकेत तिघा मानसशास्त्रज्ञांनी लॉटरी लागलेल्या 22 जणांना प्रश्न विचारले आणि त्यांची तुलना चारचौघांशी केली. लॉटरीवाले विशेष जास्त सुखी निघाले नाहीत. त्याहून मजेशीर भाग पुढे आहे. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद, कोणी केलेलं कौतुक, असल्या रोजच्या गोष्टींतून मिळणारी मजा त्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होती. एकदा मोठा बार उडाला की लवंगी फटाक्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे एक पोरगा होडीवरचे रील्स करतो. एक रील तुफान चाललं. तेव्हापासून तो मासळी बघत नाही, आकडे बघतो. बाप वैतागलाय.

प्रसिद्धी अगदीच वाईट असते असं मात्र मी म्हणणार नाही, कारण मी शिमग्यातला संकासूर बघत मोठी झालेय. काळा पायघोळ झगा, तोंडावर मुखवटा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. तो अंगणात आला की पोरं आधी किंचाळत पळतात आणि मग त्याच्याच मागे धावतात. आत कोण आहे ते सगळ्या वाडीला ठाऊक असतं, पण कोणी नाव घेत नाही. वर्षभर रिक्षा चालवणारा किंवा ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबणारा माणूस त्या चार दिवसांत सगळ्या गावाचा लाडका होतो, तेही तोंड झाकून. शिमगा संपला की झगा ट्रंकेत. हे ज्याला जमतं त्याला प्रसिद्धी पचते, असं आपलं माझं मत.

आता साहेब, म्हणजे सत्ता. यासाठी रत्नागिरीकरांना लांब जायला नको. आपण पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवतो, पॉइंटवरून भाट्याची खाडी दाखवतो, भेळ खातो आणि परत येतो. पण त्या थिबाचं आयुष्य कधी नीट वाचून बघा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. गादीवर यायच्या आधी तो मठात राहून शिकला होता. पालीच्या परीक्षेत चमकला म्हणून त्याचा बाप, राजा मिंडॉन, त्याच्यावर खूश होता. म्हणजे अध्यात्म आधी, सत्ता नंतर. 1878 मध्ये राज्य मिळालं आणि काही महिन्यांत, 1879 च्या फेब्रुवारीत, गादीवर हक्क सांगू शकतील अशा त्याच्याच भाऊबंदांची कत्तल झाली. सासूने करवली की मंत्र्यांनी, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. झाली ती त्याच्या राज्यात, बुद्धवचनं शिकलेल्या राजाच्या राज्यात.

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं. 1886 मध्ये राजा, राण्या आणि मुली रत्नागिरीत आल्या. रत्नागिरीच का, तर हे गाव तेव्हा सगळ्या जगापासून तुटलेलं होतं. रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बोटी बंद. आज आपण पर्यटनाच्या जाहिरातीत 'निवांत' म्हणून विकतो ती हीच जागा. तिथे एका राजाला शिक्षा म्हणून ठेवलं होतं! तो लाल राजवाडा मिळाला 1910 च्या सुमाराला, आणि 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. सगळी मिळून तीस वर्षं. पेन्शन होती, नोकरचाकर होते, बरोबर आणलेले दागिने विकून आणि कर्ज काढून काही काळ थाटही चालला. पण काम? काही नाही. ज्याच्या एका शब्दावर माणसं जगत-मरत होती, त्याच्याकडे तीस वर्षांत कोणी साधी पाखाडी मागायला आलं नाही.

त्याच्या थोरल्या मुलीला राजवाड्याच्या पहारेकऱ्यापासून एक मुलगी झाली, टुटू. राजघराणं 1919 मध्ये ब्रह्मदेशात परतलं, पण ही थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि गरिबीतच इथे गेली. टुटूने इथेच संसार केला, ती मराठीच बोलायची, आणि 2000 साली रत्नागिरीतच गेली. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या समाधीला फुलं वाहायला आले, तेव्हा शहरात केवढी धावपळ! राजाला मान मिळाला, पण शंभर वर्षं उशिरा.

मग सत्तेने कोणाचंच भलं होत नाही का? होतं की. आपल्याच राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते 1977 ते 79 रेल्वेमंत्री होते. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या असत. दंडवत्यांनी त्यावर दोन इंच फोम घालायला लावला. दोनच इंच. पण देशभरातल्या किती पाठींना आराम मिळाला, विचार करा. कोकणात रेल्वे यावी म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले. 1990 मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं. आणि 1991 च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पाडलं. गाडी धावली 1998 मध्ये. गणपतीत चाकरमानी उतरतो, आई फाटकापाशी उभी असते, त्या आनंदात दंडवत्यांचा वाटा आहे की नाही? आहे. त्या आईला त्यांचं नाव माहीत आहे का? बहुतेक नाही. तिने त्यांच्यासोबत फोटोही काढलेला नाही. तिचं काही अडलेलं नाही.

याउलट गावच्या सत्तेचे प्रकार आपण रोज बघतो. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ पहिला कोणाच्या हातात, यावरून सख्खी भावकी एकमेकांचं तोंड बघत नाही. काही ठिकाणी तर देव कुलुपात आणि मानकरी कोर्टात. मान मिळालेला माणूस सुखी दिसावा ना? तो सारखा मागे वळून बघत असतो, पुढच्या वर्षी हा मान कोण काढून घेणार म्हणून. जास्त लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय.

राहिले बुवा. इथे माझी स्वतःची गोची होते, म्हणून जरा सावकाश लिहिते.

थिबा वारला तेव्हा पावसच्या रामचंद्र गोडबोल्यांना तेरावं वर्ष सरलं होतं. हेच पुढे स्वामी स्वरूपानंद. राजवाड्यापासून पावस वीसेक किलोमीटर. तरुणपणी त्यांनी पावसला स्वावलंबनाश्रम काढला, स्वातंत्र्यलढ्यात येरवड्याला तुरुंगात गेले, मग मोठं आजारपण आलं, आणि त्यानंतर साधारण चाळीस वर्षं देसाईंच्या घरात, बहुतेक एका खोलीत, काढली. 1974 च्या 15 ऑगस्टला गेले. मठ थाटला नाही, मिरवणुकी नाहीत, दौरे नाहीत. एकाच तालुक्यात दोन माणसं वर्षानुवर्षं चार भिंतींत राहिली. एकाला चारशे खोल्यांचा महाल दिला असता तरी तो कैदीच राहिला असता, आणि दुसऱ्याची ती एक खोली लोकांना अजून बघावीशी वाटते. दोघांनाही धर्मग्रंथ ठाऊक होते, म्हणजे फरक ग्रंथांचा नाही. एकाकडून सगळं काढून घेतलं होतं. दुसऱ्याने आपण होऊन खाली ठेवलं होतं. एवढंच मला दिसतं. यापलीकडचं अध्यात्म मला कळत नाही आणि कळल्याचा आव मी आणणार नाही.

पण एक विचारते. स्वामींना शांती मिळाली, म्हणून समाधीपुढे रांगेत दहा मिनिटं उभं राहून मला मिळेल? मला तिथे बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. गार फरशी, झाडं, कोणी मोठ्याने बोलत नाही. परतताना पूर्णगडच्या वळणावर समोरून ट्रक आला की माझ्या तोंडून शिवी निघते. शांती किती टिकली ते यावरून ओळखा.

याच्या अगदी उलट उदाहरणही माझ्यासमोर आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी सुरू केलेली बैठक कोकणातल्या घराघरांत आहे. दासबोधाचं निरूपण, दर आठवड्याला, पैसे न घेता. आमच्या खालच्या वाडीतल्या एका वहिनींचा नवरा बैठकीला जायला लागला आणि त्याची दारू सुटली. मी वहिनींना विचारलं, तुम्हीही जाता का? त्या म्हणाल्या, "मना कुठला वेळ! पन हे संध्याकाळचे आपल्या पायांनी घरात येतात, बस झाला." बघा, निरूपण ऐकतो नवरा, आणि सुख मिळालं बायकोला, जी कधी बैठकीला गेलेली नाही.

आणि त्याच बैठकीची माणसं 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात लाखांनी जमली, नानासाहेबांच्या मुलाला, आप्पासाहेबांना, महाराष्ट्र भूषण मिळणार म्हणून. दासबोध बाजूला राहिला, सोहळा झाला. मोठे साहेब आले, भाषणं झाली, भर एप्रिलचं ऊन. मंचावर सावली होती, मैदानात नव्हती. उष्माघाताने 14 माणसं गेली. वर्षानुवर्षं शिस्तीत, मांडी घालून, गुपचूप चांगलं काम करणारी ही माणसं. त्यांना सत्ता आणि प्रसिद्धी बघायला उन्हात बसवायची काय गरज होती? या प्रश्नाचा मला अजून राग येतो, आणि तो श्रद्धेवरचा राग नाही हे बैठकीतल्या माझ्या मैत्रिणींनी समजून घ्यावं.

जगातल्या आनंदी देशांची यादी दरवर्षी येते. 2025 मध्ये 147 देशांत आपण 118 वे होतो, फिनलंड पहिला. यादीवरून चिडणारे चिडतात, की आमच्याकडे एवढे संत, एवढी देवळं, तरी आम्ही खाली कसे? त्या अहवालात लोकांना एक प्रश्न असतो, अडचणीत हक्काने हाक मारावी असं तुमचं कोणी नातेवाईक किंवा मित्र आहे का. तुमच्या देशात तारे-तारका किती आणि बुवा किती, असं कोणी विचारत नाही. रात्री दोन वाजता घरात कोणाला साप चावला तर गाडी कोण काढेल, हे तुम्हाला लगेच सांगता येतं का? मला येतं. ज्याचं नाव येतं, तो ना प्रसिद्ध, ना मानकरी, ना माळकरी. उलट मटण बरं करतो.

तर ग्रुपवरच्या मंडळींनो, बोलवा कोणालाही. मोठ्या माणसाने काही करून ठेवलं असेल, तर तो जवळ नसतानाही आपण सुखी होतो. आणि काहीच केलं नसेल, तर तो मांडीला मांडी लावून बसला तरी काही होत नाही. आता मला शिव्या घालायच्या असतील तर कमेंटमध्ये घाला. फक्त आपापल्या साहेबांचे आणि बुवांचे हात जोडलेले फोटो टाकू नका, पोस्ट उघडायला वेळ लागतो. आणि कोकण रेल्वेच्या आधी रातराणीने, म्हणजे रात्रीच्या एसटीने, कशेडी घाट उतरताना पोटात कालवत, गणपतीला येणारे कोणी इथे असतील तर त्यांनी त्या प्रवासाबद्दल जरूर लिहा. ते मी सगळं वाचणार आहे.