‘घरीच असते’ ही नोंद तटस्थ कशी?

आमच्याकडच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘आकडे खोटं बोलत नाहीत. संशोधक तटस्थ हवा; स्त्रीवादी संशोधनात निष्कर्ष आधी ठरतो. आणि प्रत्येकीचं सत्य वेगळं मानलं तर ज्ञानच उरत नाही.’ पुढं पाठवणाऱ्यांत माझे विद्यार्थीही आहेत, म्हणून लिहिते.

आधी आकडे. तासगावजवळ पाहणीला गेले होते. ओट्यावरचे दादा माहिती देत होते. बायको काय करते? ‘काय न्हाय, घरीच असती.’ मी ‘गृहिणी’ लिहिलं. तेवढ्यात वहिनी द्राक्षबागेतून आल्या, हातात विरळणीची कात्री. त्यांना विचारलं, तर त्याही तेच म्हणाल्या, ‘घरीच की.’ मग मी प्रश्न बदलला: आज उठल्यापासून काय काय केलंत? धार, शेणघाण, भाकऱ्या, पोरांचे डबे, मग दिवसभर बाग. पान भरलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. काम झाकलं होतं ते माझ्या प्रश्नानं.

जनगणनेलाही हे कबूल करावं लागलं. १९९१ला कामाच्या प्रश्नातच शेतातलं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरायचं, असं स्पष्ट घातलं गेलं. लोकांचा दिवस कशात जातो हे पाहणाऱ्या २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीत तर स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७, हे मोजलं गेलं. आकडा तोच बोलतो, जे त्याला विचारलं जातं.

राहिली तटस्थता. ती सोडा, असं स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग कुठंच म्हणत नाहीत. त्यांची मागणी जास्त कडक आहे: प्रश्न कुणी रचला, माहिती कुणाकडून घेतली, हेही तपासा. विज्ञानाच्या स्त्रीवादी अभ्यासक डोना हॅरावे यांनी १९८८मध्ये मांडलं की कुठल्याच जागी उभं न राहता पाहणारी नजर नसते. ‘कुटुंबप्रमुख’ हा रकानाही ओट्यावरूनच पाहतो.

‘प्रत्येकीचं सत्य’ हा आरोप तर चुकीच्याच पत्त्यावर गेलाय. सगळ्या बायकांचा अनुभव एकच धरू नका, जात बघा, असं समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८मध्ये मांडलं. पण दलित स्त्रीच्या जागेवरून जग समजून घेणं फक्त तिलाच जमेल, असं त्या म्हणाल्या नाहीत. इतरांनीही स्वतःला बदलून ते शिकावं, हा त्यांचा आग्रह होता.

आणि आपल्या सांगली जिल्ह्यातलं विसरू नका. १९८०च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं परित्यक्तांचा प्रश्न उचलला. नवऱ्यानं टाकलेली बाई मंगळसूत्र घालून माहेरी राहते. रकान्यात ती ‘विवाहित’. तिच्याशी बोलायला जे तिच्या उंबऱ्यावर बसले, त्यांनाच ती दिसली.