वरून रंग, आतून गंज

एमजीबी रोडस्टर या जुन्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सडक्या सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पेटीवर, पुट्टी थापायची, त्यावर चकचकीत रंग मारायचा आणि 'पूर्ण रिस्टोअर केलेली' म्हणून गाडी विकायला काढायची, हे करणारी माणसं मला आता सहन होत नाहीत. याला नुसती लबाडी म्हणून सोडून देता येणार नाही. उद्या त्या गाडीत कुणीतरी आपल्या माणसाला शेजारी बसवून मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने जाणार आहे.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. ट्रायम्फच्या स्पिटफायरला किंवा टीआर६ला खाली चासी आहे, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी खाली काहीतरी आधार उरतो. एमजीबीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यात रोडस्टरला डोक्यावर लोखंडी छप्पर नाही, कापडी छत आहे. मग गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचा मोठा भार दारांखालच्या दोन सिलवर येतो. आतला पत्रा, बाहेरचा पत्रा, दोहोंमधली उभी पट्टी आणि खालची कॅसल रेल नावाची पट्टी मिळून ती पेटी बनते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या पोकळीत साठतो, इथे ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात ते मीठ त्यात मिसळतं आणि पेटी आतून सडायला लागते. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आत फारसं काही उरलेलं नसतं.

नीट दुरुस्ती कशी करायची हे काही गुपित नाही. गाडी सपाट आधारावर घ्यायची. कापताना बॉडी मधोमध खचू नये म्हणून दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करायचा. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, ते उतरवायचं. मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापायचा, कारण सिल त्याच्या आतपर्यंत गेलेली असते. मग सगळा सडका पत्रा काढून नवा घालायचा. आणि नवा पत्रा मिळतो हो! साठ वर्षांपूर्वीच्या किती गाड्यांचं असं नशीब असतं? ब्रिटिश मोटर हेरिटेज ही जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पत्रे बनवणारी कंपनी या गाडीची अख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून बनवत आली आहे. तेव्हा 'पार्ट मिळत नाहीत' ही सबब चालणार नाही. खर्च येतो तो मजुरीचा. तेवढे काही हजार पौंड वाचवायला ही मंडळी जुन्या सडक्या सिलवरच दुसरा पत्रा डकवतात, फटी पुट्टीने भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि फोटो काढतात.

मी चिंचवडला गाड्यांच्या बॉडी जोडायच्या खात्यात काम केलंय. आता कॉव्हेंट्रीत राहते. मला वेल्ड आणि पुट्टी यातला फरक कळतो. तरी गाडी बघायला विकणाऱ्याच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "तुमचे मिस्टर येणार आहेत का बघायला?" गाडी मी घेणार आहे, पैसे माझे आहेत, प्रश्न मी विचारतेय, आणि हा माणूस माझ्या नवऱ्याची वाट बघतोय! मग मी पिशवीतून चुंबक काढते आणि सिलवरून फिरवते. चिकटलं, चिकटलं, मग वीतभर जागेत चिकटतच नाही. चुंबक बघताच बहुतेकांचे चेहरे बदलतात. जॅक लावून बघू का विचारलं तर रंगाला ओरखडा जाईल म्हणतात. रंगाची एवढी काळजी! जॅक लावायला नको असतो कारण गाडी उचलली की दाराची फट मिटत जाते, कधी दार अडकून बसतं, आणि बॉडी मधून वाकतेय हे कुणालाही दिसतं.

सगळ्यात जास्त संताप मला येतो तो एमओटीच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का हे बघणाऱ्या चाचणीच्या बाबतीत. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फार फेरफार न केलेल्या गाड्यांना दर वर्षीची एमओटी चाचणी सक्तीची राहिली नाही. जुन्या गाड्या लोक जपून वापरतात, असा त्यामागे विश्वास होता. त्याचा फायदा कोण घेतंय बघा. गाडीचा नंबर टाकला की तिच्या आधीच्या चाचण्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. मी बघितलेल्या एका १९७१च्या गाडीची शेवटची नोंद २०१७ची होती. नापास. दोन्ही बाजूंच्या सिल गंजलेल्या, फ्लोअरला भोक. त्यानंतर एकही चाचणी नाही. पुढच्याच वर्षी सूट मिळाली आणि मालकाने गाडी परत कधी दाखवलीच नाही, रंग मात्र काढून घेतला. मी म्हटलं, आज एमओटी करून आणा, पास झाली तर तुम्ही मागताय ती किंमत देते. उत्तर आलं, "कायद्याने लागत नाही." गाडीच्या एमओटीला जास्तीत जास्त फी ५४.८५ पौंड. चौदा हजार पौंड मागणाऱ्याला पंचावन्न पौंड जड जातात? आणि चाचणीची सूट म्हणजे धोकादायक गाडी चालवायची सूट नव्हे. पकडलं तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट आहेतच. ते भोगणार कोण? विकत घेणारा.

जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. गाडी ओली करून काढलेले फोटो, म्हणजे रंग चमकतो. पुढून, मागून, स्टिअरिंगचे, तारांच्या चाकांचे, सगळे फोटो आहेत, खालून एकही नाही. १९७४च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. क्रोम बंपरवाल्या जुन्या गाडीला भाव जास्त, म्हणून नंतरच्या गाडीला क्रोमचे बंपर लावायचे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखच करायचा नाही. गाडी तशीच उंच टाचांवर उभी, आणि विचारलं तर "घेतली तेव्हापासून अशीच आहे." एकजण सांगत होता, गाडी कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतून परत आणलेली, गंज शक्यच नाही. कॅलिफोर्निया हे नाव त्याच्याकडच्या एकाही कागदावर नव्हतं. कार्पेट उचललं तर खाली फ्लोअर भुगा झालेलं.

आणि डीलर? दुकानदाराकडून घ्यावी तर निदान कायदा आपल्या बाजूने असतो. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. म्हणून आता काही डीलरांनी नवी पळवाट काढलीय. गाडी त्यांच्या शोरूममध्ये, फोटो त्यांचे, किंमत त्यांनी ठरवलेली, टेस्ट ड्राइव्हला शेजारी त्यांचाच माणूस, पण पावती करायची वेळ आली की "आम्ही फक्त मालकाच्या वतीने विकतोय." म्हणजे व्यवहार खाजगी आणि त्यांची जबाबदारी शून्य. बरं, मालकाशी बोलू द्या म्हटलं तर ते गोपनीय! सिल कुणी बदलल्या, कधी बदलल्या, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो आहेत का, एवढंच मला विचारायचं होतं. ताकास तूर लागू देईनात. वर मलाच सुनावलं, की तुम्ही फार प्रश्न विचारता, ही गाडी रविवारपर्यंत जाईल.

जाईलही. कुणीतरी रंगावर भाळून घेईल, आणि पहिल्यांदा रॅम्पवर चढवेल तेव्हा मेकॅनिक त्याला खाली बोलावून दाखवेल.

विकणाऱ्यांनो, जुनी गाडी सडते हे मला मान्य आहे. सडकी असेल तर सडकी म्हणून विका, त्या भावात मी घेते आणि सिल स्वतः बदलून घेते. पण चांगल्या गाडीचा भाव मागणार असाल तर गाडी रॅम्पवर चढवा, हातात दिवा द्या आणि मला खालून बघू द्या. ते जमत नसेल तर जाहिरात आजच काढून टाका.