आबांच्या गुडघ्याचे दोन रिपोर्ट : जळगाव सेंटरकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय, आबांचा एक्स-रे झोपवून दोन मिनिटांत काढला, नॉर्मल सांगितला. आठवड्यात यावलहून परत बोलावून एमआरआय केला, त्यात गादी झिजलेली निघाली. म्हणजे एक रिपोर्ट खोटा, आणि धुळ्याचे पाहुणे म्हणतात तसं सोनोग्राफीत स्वस्तात भागलं असतं. आबांचा रिपोर्ट इथे चारचौघांत उघडता येत नाही, म्हणून तुमच्या लिहिण्यापुरतंच बोलतो.

दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसतच नाही. दिसतात ती हाडं आणि मधली फट. फट कमी झाली की कूर्चा झिजली असा अंदाज बांधायचा. त्या फटीत मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली रबरासारखी चकतीही असते, आणि आपल्याकडे दोघांनाही ‘गादी’च म्हणतात, तिथे घोळ होतो. कूर्चेला एकाच जागी खड्डा पडला, बाकीची शाबूत असली, तर फट जशीच्या तशी दिसते.

झोपवून काढलेल्या फोटोत तर गुडघ्यावर भारच नसतो, म्हणून झिजलेल्या सांध्यातही फट मोकळी दिसू शकते. झिजेचा संशय असेल तर फोटो उभं करून काढायचा, शक्यतो दोन्ही गुडघे एकत्र. जमलं तर ४५ अंश वाकवून मागून एक, कारण झीज बऱ्याचदा कूर्चेच्या जरा मागच्या भागात असते. चिठ्ठीवर फक्त ‘एपी-लॅटरल’ (समोरून आणि बाजूने) असलं तरी विचारायला हवं होतं. ही चूक आमची. उभ्याच्या फोटोत हाडाला हाड टेकलेलं दिसलं, तर एमआरआयने सहसा नवीन काही कळत नाही. म्हणजे तुमचा राग अगदीच बिनबुडाचा नाही.

एमआरआयत मात्र कूर्चा थेट दिसते: चित्रात चरबी काळी करून, साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या कापांचे फोटो निघतात, शिवाय हाडातली सूजही कळते. पेशंट हलला की बारीक चिरा पुसट होतात, म्हणून वीसेक मिनिटं पाय अजिबात हलू न देता पडावं लागतं. अगदी सुरुवातीचा मऊपणा त्यातही निसटू शकतो.

सोनोग्राफी पाणी आणि गुडघ्यामागची गाठ छान दाखवते. पण ती आवाजाच्या लहरींवर चालते, आणि आवाज हाडापलीकडे जात नाही. गुडघा पुरता वाकवला तर मांडीच्या हाडाच्या पुढची कूर्चा दिसते. वाटीखालची आणि भार पेलणारी बरीचशी झाकलेलीच राहते. ज्यांचा गुडघा वाकतच नाही त्यांचं तेवढंही नाही. पेसमेकरमुळे एमआरआय जमत नसेल, तर सांध्यात सुईने फोटोत उठून दिसणारं औषध सोडून सीटी स्कॅन करतात. आबांना सुई टोचायचं कारण नव्हतं.

एक्स-रेचे पैसे काउंटरवर पावती दाखवून परत घ्या. हाडाच्या डॉक्टरांना हवा असेल तरच उभ्याचा फोटो काढू, त्याचे पैसे लागणार नाहीत. डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, एमआरआयची सीडीही न्या.