तुर्कीचे प्रत्यय संस्कृतातून आलेले नाहीत

‘तुर्की ही संस्कृतचीच लेक. विभक्ती त्याच, “माझं” सांगणारा म म्हणजे आपला “मम”, दुनिया-किताब-हवा हे शब्द तर जसेच्या तसे. मराठी माणसाला तुर्की आठवड्यात येईल.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. मी सोडून दिला असता, पण भाची तुर्कस्तानात शिकायला निघालीय आणि त्यावरच विसंबून पाठांतर करतेय. काल तिने ‘भावाचं घर’ असं लिहिलं: ‘कार्देशिन एव’. मेसेजात तसंच सांगितलंय, मालकाला षष्ठी लावली की झालं!

नाही होत. तुर्कीत प्रत्यय मालकालाही लागतो आणि त्याच्या वस्तूलाही. ‘कार्देशिन एवि’, म्हणजे शब्दशः ‘भावाचं घर-त्याचं’. तो शेवटचा इ मालकीचा, तो गाळून चालत नाही. ‘त्याच्या घरात’ म्हणायचं तर ‘एविन्दे’: घर, मालकीचा इ, मधे येणारा न, मग ‘दे’. ‘माझ्या घरांत’ म्हणजे ‘एवलेरिमदे’: आधी अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. प्रत्येक तुकडा सुटा दिसतो. संस्कृतातल्या ‘रामाणाम्’मधून वचन आणि विभक्ती अशी वेगळी काढून दाखवा बरं.

ही घडण आजकालची नाही. मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राचा जुन्या तुर्कीतला शिलालेख आहे, इ.स. 732चा. त्यात ‘ओग्लिन्ता’ हा शब्द येतो: मुलगा, मालकीचा इ, तोच न, आणि ‘दे’च्या जागी ‘ता’. ‘एविन्दे’ची हुबेहूब बांधणी, जवळजवळ 1300 वर्षांपूर्वीची.

दुनिया, किताब, हवा हे शब्द मुळात अरबी. आपल्याकडे ते फारसीच्या वाटेने आले. संस्कृतचा त्यात काही संबंध नाही. उलट आपली कैची तुर्कीतून आलीय, म्हणून मराठी तुर्कीची लेक होत नाही.

‘म’चं मान्य करावं लागेल. ‘एविम’ म्हणजे माझं घर, आणि ‘मी’साठी म एकमेकींशी नातं सिद्ध न झालेल्या अनेक भाषांत सापडतो. असं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण ‘तुझं घर’ म्हणजे ‘एविन’. तिथे ‘तव’ कुठे गेला?

प्रत्यय बरेचसे नियमित आहेत, हेही खरं. तरी आधीचा स्वर किंवा व्यंजन बदललं की रूप बदलतं: ‘एवदे’, पण शाळेत म्हणजे ‘ओकुलदा’ आणि पुस्तकात म्हणजे ‘किताप्ता’. शिवाय ‘एवि’ म्हणजे ‘त्याचं घर’ही आणि द्वितीयेतलं ‘घर’ही, कुठलं ते वाक्यावरून ठरतं. आठवड्यात हे अंगवळणी पडत नाही. भाचीला म्हटलं, तो मेसेज पुसून टाक आणि घरातल्या दहा वस्तू मालकासकट लिहून काढ, दोन्ही प्रत्यय लावून.