सुनेची फाइल सुनेकडेच राहू द्या

नवरा अमेरिकेत, बायको सांगलीत, आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठी ‘लग्न खरं असल्याचे पुरावे’ जमवायचे म्हटलं, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हजार पान उठलं की हो लग्नात, आता पुरावा कसला मागतायत?" आणि दुसऱ्या मिनिटाला कपाटावरचा तो दहा किलोचा अल्बम खाली येतो.

मी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करून देते. विवाह नोंदणीचे दाखले, घटस्फोटाचे हुकूमनामे, जन्माचे जुने मोडी-मराठी उतारे, असलं सगळं. त्यामुळे या फायली माझ्या टेबलावरून बऱ्याच जातात, आणि त्या बघून माझं एक मत झालंय. काहींना ते झोंबेल. अधिकारी कागद मागतो यात अपमान वगैरे काही नाही. आणि ते कागद आपल्या घरात सापडत नाहीत, याचं खापर आपण ‘नवरा लांब राहतो’ यावर फोडतो, पण खरं कारण निराळं आहे. लग्न होऊन वर्ष झालं तरी सुनेचं नाव आपण कशावरच चढवलेलं नसतं.

आता बायकोला तिकडं नेण्यासाठी नवरा अमेरिकेत जो आय-१३० अर्ज भरतो, त्यासोबत काय मागतात ते बघा. दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, आणि दोघांना जवळून ओळखणाऱ्यांची शपथपत्रं. ही यादी एका छपराखाली राहणाऱ्या जोडप्यासाठी केलेली आहे, हे मान्य. आपल्याकडे मुलगा तीन-चार आठवड्यांची रजा काढून येतो, त्यात बघणं, साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण, कुलदैवत सगळं उरकतो आणि विमानात बसतो. भाडेकरार कुठून आणणार? ते तिथल्या अधिकाऱ्यालाही कळतं. मुंबईच्या वकिलातीत ठरवून केलेली लग्नं रोजचीच असतात.

पण बाकीचं? मुलाच्या एलआयसीवर नॉमिनी आई. बँकेतलं खातं वडिलांबरोबर. तिकडून पैसे येतात ते सासऱ्यांच्या खात्यावर, आणि सुनेला लागतील तसे हातात मिळतात. माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं, सासरच्या कार्डावर घालायचं राहिलेलं, म्हणजे पोरगी सरकारदरबारी अधांतरी. एका घरात तर गॅसचं पुस्तक, लाइट बिल, गाडीचं आरसी बुक सगळं चाळून झालं आणि सासूबाईच म्हणाल्या, "अगं बाई, हिचं नाव फक्त पत्रिकेवरच आहे की!" त्या हसत म्हणाल्या, पण बोलल्या ते खरं होतं.

गंमत अशी, की कायदा आपल्यापेक्षा पुढं आहे. मुलगा परदेशी जाण्याआधी पुण्यात नोकरीला असेल तर त्याचा पीएफ असतोच. पीएफच्या योजनेत लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झालं की आपोआप रद्द ठरतं, नव्यानं भरावं लागतं. किती जण भरतात? अमेरिकेत नोकरीवर ४०१(के) म्हणून निवृत्तीची बचत असते, तिथंही बायकोनं लेखी हक्क सोडल्याशिवाय वारस बायकोच धरली जाते. एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्यांचं इथल्या बँकेतलं) तर इथं राहणाऱ्या बायकोबरोबर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनं, म्हणजे आधी त्याचं, त्याच्या पश्चात तिचं, असं जोडून काढता येतं, बँकेत एक फॉर्म भरायचा. हे तिन्ही कागद नुसते व्हिसासाठी करा असं मी म्हणत नाही. लग्न झालं त्याच महिन्यात व्हायला हवे होते, व्हिसामुळे निदान आठवण तरी झाली.

आणि टॅक्स! हे मुलांनो, तुमच्यासाठी. अमेरिकेत ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहित धरतात. आपल्याकडची लग्नं नेमकी डिसेंबरात, कारण रजा तेव्हा मिळते. २७ डिसेंबरला बोहल्यावर चढायचं आणि एप्रिलमध्ये रिटर्न भरताना ‘सिंगल’ लावून मोकळं व्हायचं, हे मी स्वतः फायलीत पाहिलंय. एका बाजूला सप्तपदीचे फोटो आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या सहीनं ‘मी अविवाहित’. मग अधिकाऱ्यानं प्रश्न विचारला की राग येतो. बायकोकडे तिकडचा टॅक्सचा नंबर नसेल तरी वेगळं रिटर्न भरण्याचा पर्याय असतो. सीएला चार पैसे द्या, विचारा आणि चुकलं असेल तर दुरुस्तीचं रिटर्न भरा.

नोंदणीचंही तेच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. नवरा-बायको, तीन साक्षीदार, भटजींची सही. नवरा उडाला की मग पुढच्या रजेची वाट बघत बसा. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन या. मधुचंद्र महाबळेश्वरलाच असतो, कुठं पळून जात नाही.

अल्बमबद्दल आता. आयर्विन पुलावरचं प्री-वेडिंग, धुराच्या नळकांड्या, ड्रोनमधून मुंगीएवढं दिसणारं जोडपं, मागं फोटोशॉपचा स्वित्झर्लंड. दिसायला छान, पण त्यात माणसंच नाहीत. मुलाखतीच्या फाइलीत कामाला येतात ते साधे फोटो: अंतरपाट धरलेले मामा, कन्यादानाला बसलेले आईवडील, सप्तपदी (हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं, हे आपल्यालाच माहीत नसतं), पंगतीत वाढणारे दोन्हीकडचे नातेवाईक. पंधरा-वीस फोटो पुरे. मागं तारीख, जागा, कोण कोण आहे ते लिहा.

माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात बोलका कागद कुणाच्याच यादीत नसतो. आहेराची वही. परवा एक आली होती माझ्याकडे, लाल कापडी पाठीची, वरच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली लग्नाची तारीख, आणि मग काकांच्या तिरप्या अक्षरात ओळीनं: माधवनगरचे मावसभाऊ ५०१, कुपवाडचे शेजारी स्टीलचा डबा, बुधगावची आत्या साडी व ११०१. मध्येच शाई बदललेली, एका ठिकाणी खाडाखोड, ‘पाकीट रिकामे’ असा शेरासुद्धा! असली वही कुठला एजंट रातोरात तयार करणार? तिची चार पानं भाषांतर करून लग्नपत्रिकेबरोबर जोडली. पत्रिकेत निमंत्रक म्हणून जी नावं, तीच वहीत. वाचणाऱ्याला दोन घरं उभी दिसतात.

मात्र हे सगळं एका दिवसाचं झालं. त्यापुढचं हवं. नवरा नसताना झालेली मंगळागौर, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, दिवाळसणाला मुलगा नाही म्हणून व्हिडिओ कॉल लावून तांब्याला टेकवलेला मोबाइल आणि त्यासमोर ओवाळणारी बायको. हे फोटो आपण ‘घरगुती’ म्हणून बाजूला टाकतो. चॅटचंही तसंच. आठशे पानं गुड मॉर्निंगच्या गुलाबांची कुणी वाचत नाही. दर महिन्याची एक-दोन पानं घ्या. त्यात भांडण असलं तरी चालेल, उलट बरंच. "आईला दवाखान्यात नेलं का, पैसे टाकलेत" हे एक वाक्य दहा बदामांपेक्षा जड भरतं. (आणि प्रिंट काढायला हरभट रोडवरच्या गर्दीत पेनड्राइव्ह देऊ नका, दुकानातलं पोरगं मिटक्या मारत वाचतं. घरी प्रिंटर असलेली मैत्रीण गाठा.) फोन वकिलातीत आत नेता येत नाही, तेव्हा ‘आत मोबाइलवर दाखवीन’ हे डोक्यातून काढून टाका.

चार माणसांत केलेल्या लग्नांचं जरा अवघड असतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी, दोघांचंही दुसरं लग्न, औदुंबरला देवळाच्या आवारात लावलं. पत्रिका नाही, वाजंत्री नाही, आहेर नाही. दुसरेपणाचं लग्न आपल्याकडे दबक्या आवाजातच करतात ना! घरच्यांना त्यात शालीनता वाटते, अधिकाऱ्याला शंका. तिला मुलाखतीत २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली, आणखी पुरावे द्या म्हणून. तेव्हा तिला मिळाला एका एजंटाचा सल्ला: कुपवाडमधल्या एका फ्लॅटचा दोघांच्या नावाचा मागच्या तारखेचा भाडेकरार करू. तो करार भाषांतराला माझ्याकडे आला, मी हात लावला नाही. एक तर स्टॅम्पवर खरेदीची तारीख असते, एवढीही अक्कल नाही. आणि दुसरं, खऱ्या लग्नाला खोटा कागद जोडला तर पुढं ते खरं लग्नही कुणी ऐकून घेत नाही. खोटं बोलून व्हिसा मागितल्याचा ठपका जन्मभर पुरतो.

तिनं मग जे होतं तेच दिलं. दोन्ही घटस्फोटांचे हुकूमनामे, तिच्या खात्यावर दरमहा आलेले पैसे, नवरा दुसऱ्यांदा येऊन गेला त्याचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के. आणि त्याच्या मावशीचं पत्र. बाकी शपथपत्रं नोटरीकडच्या साच्यातली होती, ‘सदर उभयता सुखाने नांदत आहेत’ छापाची. मावशीनं मात्र लिहिलं होतं की स्थळ मीच सुचवलं, पहिल्यांदा कुणाच्या घरी भेटले, माझं आधी का पटत नव्हतं आणि मग का पटलं. व्हिसा कशामुळे झाला ते अधिकारी सांगत नसतात. पण झाला. मी पैज मावशीवर लावीन.

आता मुख्य मुद्दा. नवऱ्याला या मुलाखतीला यावं लागत नाही, सासरे बाहेर बसतात, खिडकीपाशी मुलगी एकटी असते. आणि फाइल कुणी बनवलेली? दीर, सासरे, एजंट. तिला आत काय आहे ते ठाऊक नसतं. वर ‘शंभर प्रश्नोत्तरं’ अशी पीडीएफ पाठ करायला दिलेली. दात घासायच्या ब्रशचा रंग, पलंगाची बाजू! ते चाळे नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात तिथले, अमेरिकेतल्या अमेरिकेत. इथं साधं विचारतात: स्थळ कुणी आणलं, किती वेळा भेटलात, तो काय काम करतो, त्याच्याबरोबर तिथं कोण राहतं, शेवटचा कधी आला होता. मराठीत बोलायचीही सोय असते. ज्या मुलीनं फाइल स्वतः लावलीय तिला पाठांतर लागत नाही.

आणि पुरावे एकदाच लागतात असंही नाही. अमेरिकेनं १९८६ साली खोट्या लग्नांविरुद्ध कायदा केला, तेव्हापासून लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिथं पोचलेल्या जोडीदाराला सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, दोन वर्षांचं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ म्हणजे कार्डावरची अट काढून घ्यायचा अर्ज भरायचा, पुन्हा तेच: लग्न खरं होतं का. आणि समजा तोवर त्यानं हात उचलला, किंवा घटस्फोट झाला, तर तिला तो अर्ज एकटीला भरता येतो. अट एकच, लग्न करताना तिचा हेतू प्रामाणिक होता हे तिनं दाखवायचं. कशानं दाखवणार? फाइल नवऱ्याच्या लॅपटॉपवर, अल्बम सांगलीत, पासवर्ड दिराकडे.

एका सासऱ्यांना हे सांगितलं तर ते चिडले. "म्हणजे तुम्ही आमच्या सुनेला आत्तापासूनच मोडायचं शिकवताय?" मी म्हटलं, मामा, तुमच्या मुलीचं लग्न लावून दिलंत तेव्हा तिच्या दागिन्यांच्या पावत्या कुणाकडं ठेवल्या? गप्प बसले. पावत्या अर्थातच त्यांच्याच लॉकरला होत्या.

तेव्हा मुलींनो, महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला निघायच्या आधी प्रत्येक कागद स्वतः स्कॅन करा. नोंदणीचा दाखला, वहीची पानं, बँकेचे उतारे, मावशीची पत्रं, सगळं. स्वतःच्या मेलवर ठेवा, नव्या पासवर्डनं, आणि एक संच माहेरी. आणि मला दाखवायचं असेल तर कागद घेऊन या, पण त्याचे फोटो इथं कमेंटमध्ये टाकू नका. मागच्या पोस्टखाली एकीनं अख्खा पासपोर्ट टाकला होता.