आटण धरून चला

नोकरीचा बाजार बदलतोय म्हणतात, तेव्हा तुम्हीही बदला. का, कशासाठी, असलं विचारत बसू नका.

पहिल्यांदा आकडे वाचा, धीर येतो. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात हिशेब दिलाय: २०३० पर्यंत जगात ९ कोटी २० लाख नोकऱ्या जाणार आणि १७ कोटी नव्या येणार. म्हणजे ७ कोटी ८० लाख निव्वळ फायद्यात. त्यातली एखादी आपल्या बेळगावात, अनगोळला नाहीतर वडगावला उतरतेय का, तेवढं बघत राहायचं. जाणाऱ्या नोकरीला मात्र आपला पत्ता बरोबर सापडतो.

मग क्लास लावा. आमच्या घरात ही परंपरा जुनी. काकांनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, हातात सर्टिफिकेट येईपर्यंत कचेरीत कॉम्प्युटर आलेला. मी शहाणा, मी फ्लॅश शिकलो, म्हणजे कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर. ‘अ‍ॅनिमेशनला मरण नाही,’ असं क्लासचे सर सांगायचे. खोटं नव्हतं ते. मेला तो फ्लॅश प्लेयर, ३१ डिसेंबर २०२० ला, अ‍ॅडोबीनं आधी तारीख जाहीर करून. सरांचं काही अडलं नाही. त्याच जिन्याखालच्या बोर्डावर आता ‘एआय’ लिहिलंय (साठ टक्के कन्नडात, नियमाप्रमाणे), आणि फी तेवढी अपडेट झाली आहे. तुम्हीही भरा. अर्धी भरली की पुढचं तंत्र येतंच.

भाषेचं तर आपल्याला टेन्शनच नको. इथल्या मुलाखतीत ‘कन्नड बरतद एन्री?’ (कन्नड येतं का हो?) विचारलं की ‘स्वल्प स्वल्प’ म्हणायचं आणि हसायचं. तेच ‘स्वल्प’ बेंगळुरूला ऐकलं की विचारतात, महाराष्ट्रातले काय? आणि पुण्यात आपलं ‘होय की’ ऐकून कुणीतरी कौतुकानं म्हणतंच, ‘तुम्ही कर्नाटकातले ना? मराठी छान बोलता हो!’ दोन्हीकडे मान डोलवा. रेझ्युमेत याला ‘क्रॉस-कल्चरल अनुभव’ म्हणतात. शिवाय महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या आपल्या ८६५ गावांच्या पोरांसाठी ‘वादग्रस्त सीमाभाग’ असा स्वतंत्र प्रकारच आहे. लोक पर्सनल ब्रँडिंगला पैसे मोजतात. आपण जन्मतःच वादग्रस्त. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यामुळे ब्रँड इतक्यात जुना होण्याची भीती नाही.

आता अनुभवी माणसाचं काय करायचं, ते माझ्या मामांवरून शिका. मामा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्नमेकर. सागवानातून पंपाच्या बॉडीचा नमुना काढायचा, तो वाळूत दाबायचा, त्या पोकळीत बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओतायचं. त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी आहे, दिसायला आपल्या पट्टीसारखीच, पण केसभर लांब. बीड गार होताना साधारण १ टक्का आटतं; १०० मिलिमीटरचा नग हवा तर नमुना १०१ चा लागतो. दर वेळी कोण हिशेब करत बसणार, म्हणून आटण पट्टीतच धरलेली. सातवीत मी ती गुपचूप भूमितीच्या तासाला नेली होती. वर्गात माझा एकट्याचाच त्रिकोण मोठा आला. बाईंनी पट्टीनं मारलं, त्याच पट्टीनं, म्हणजे मार पण एक टक्का जास्तच.

तर मामांच्या कारखान्यात कॅड आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. ‘अपस्किल व्हा,’ असं साहेब म्हणाले, तेव्हा मामा अठ्ठावन्नचे. त्यांनी माऊस धरला, तो रंधा धरल्यासारखा. दोन महिन्यांत त्यांना ‘ऐच्छिक’ निवृत्ती मिळाली. जागेवर आलेल्या पोरानं पहिला नमुना ड्रॉइंगप्रमाणे बिनचूक काढला, बरोबर १०० चा. कॅडमध्ये आटण धरायची सोय असते, पण ती कुणीतरी दाबावी लागते की! अख्खा लॉट लहान निघाला, परत भट्टीत गेला. मामांना फोन आला. आता ते दर शनिवारी कन्सल्टंट म्हणून जातात. कन्सल्टंट म्हणजे काय, तर पूर्वी चहा आणि पगार मिळायचा, आता चहा मिळतो.

बाकी ज्यांची फौंड्री इंजिनाचं ओतकाम करते त्यांनी तर आजच बदलावं. विजेच्या गाडीला सिलिंडर हेडच नसतं. कशात बदलावं, ते पुढच्या अहवालात येईल.

रेझ्युमे मात्र साध्या पट्टीनं लिहू नका. पाच वर्षांचा अनुभव एचआरच्या एसीत बसला की गार होतो आणि आटतो, तीनाचा भरतो. म्हणून परवा मी मामांकडे त्यांची पट्टी मागायला गेलो.

‘कशाला रे?’

‘रेझ्युमे अपडेट करायचाय.’

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पट्टी पुसली आणि परत कपाटात ठेवली. ‘हिच्यात एकच टक्का हाय की रे,’ म्हणाले. ‘तुला कुठला पुरायला?’