८३ पेन्सांचा खतरनाक जुगारी

इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या घोडेशर्यतींच्या महोत्सवाच्या पहिल्याच सकाळी तीन मैलांच्या हँडिकॅप चेसमधल्या, म्हणजे कुवतीप्रमाणे वजन लादलेल्या घोड्यांच्या कुंपणांवरून उड्या मारायच्या शर्यतीतल्या, एका घोड्यावर मी २० पौंड ईच-वे, म्हणजे २० तो जिंकण्यावर आणि २० तो पहिल्या काहींत येण्यावर, लावायला गेलो, तेव्हा माझ्या बुकमेकरच्या ॲपने बराच वेळ चक्र फिरवले आणि कळवले की माझ्याकडून दोन्हींवर प्रत्येकी जास्तीत जास्त ८३ पेन्स स्वीकारता येतील. ८३ पेन्स! एवढ्यात इथे धड चहासुद्धा मिळत नाही. चौकशी केली तर 'हा आमचा व्यावसायिक निर्णय आहे' असे गुळगुळीत उत्तर आले. या व्यवसायाचे गुपित एवढेच आहे की सकाळी १६ ला १ भावाने घेतलेला घोडा शर्यत सुटेपर्यंत १० ला १ वर येतो, म्हणजे त्याला बाजारापेक्षा चांगला भाव मिळालेला असतो, असे एखाद्याच्या बाबतीत वरचेवर घडू लागले की त्याच्या खात्याला कुलूप लागते, आणि जो सतत हरतो त्याची मात्र सणासुदीला सासरी आलेल्या जावयासारखी सरबराई होते.

संताप खरा पुढेच आहे. त्याच मिनिटाला, त्याच ॲपवर, 'खास तुमच्यासाठी' म्हणून स्लॉटच्या, म्हणजे निव्वळ नशिबावर चालणाऱ्या चक्रांच्या खेळाच्या, फुकट फेऱ्या येऊन पडल्या. २०२५ पासून कायद्याने ऑनलाइन स्लॉटच्या एका फेरीला ५ पौंडांची मर्यादा घातली आहे खरी, पण ते ५ पौंड दर काही सेकंदांनी उधळायला या मंडळींची काडीचीही हरकत नाही. घोड्यांचा फॉर्म, मैदानाची ओल, शेवटचा जीवघेणा चढ, हे सगळे रात्र रात्र बसून अभ्यासणारा माणूस तेवढा त्यांना धोकादायक वाटतो.

अँटी-पोस्टचे, म्हणजे शर्यतीच्या खूप आधी लावलेल्या पैशांचे, तर नावच काढू नये. २०२४ च्या चॅम्पियन हर्डल या याच महोत्सवातल्या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी कॉन्स्टिट्यूशन हिल या घोड्यावर कित्येकांनी महिनोन्महिने आधी पैसे लावले होते. घोडा आजारी पडला, मैदानात उतरलाच नाही आणि पैसे मात्र बुडाले. २०२५ साली तो उतरला आणि पडला, आघाडीवर असलेला स्टेट मॅन शेवटच्या हर्डलला आपटला, आणि २५ ला १ भावाची गोल्डन एस जिंकून गेली. पडलेल्या घोड्याबद्दल माझी तक्रार नाही, तो निदान धावला तरी होता. रूल फोर या कपातीच्या नियमाबद्दल मात्र आहे: दुसऱ्याच कोणाचा तरी घोडा ऐनवेळी माघार घेतो आणि माझ्या जिंकलेल्या प्रत्येक पौंडातून पेन्स कापले जातात, तेही त्याचा भाव फारच कमी असेल तर थेट ९० पर्यंत.

आमचे मामा मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला बुकींच्या रिंगणात उभे राहून पैसे लावत. तिथला बुकी कुत्सित हसे, मामांच्या अकलेचे जाहीर वाभाडे काढी, पण नोट हातात घेई. अपमान करायचाच तर तो असा समोरासमोर करावा.

आता सांगितलेच पाहिजे म्हणून सांगतो, की तो माझा अभ्यासपूर्ण घोडा उतारावरच्या कुंपणाशी सपशेल कलंडला आणि ८३ पेन्सांच्या त्या अवमानकारक मर्यादेमुळे माझे ३८ पौंड ३४ पेन्स वाचले. बायकोने हा हिशेब तोंडी केला आणि बुकमेकरला आभाराचे पत्र पाठवण्याची सूचनाही केली. मी त्या सूचनेची नोंद घेतलेली नाही. पैसे वाचवायचे असते तर मी मुदत ठेवीत गुंतवले असते; मार्चमधले चार दिवस आणि २८ शर्यती माझ्या बचतीसाठी नाहीत.

शुक्रवारच्या गोल्ड कपला, महोत्सवातल्या मुख्य शर्यतीला, मी रोख नोटा घेऊन गावातल्या बेटिंगच्या दुकानात जाणार आहे. काउंटरवरच्या बाई फार सज्जन आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. पण त्यांनी परवानगीसाठी मुख्य कार्यालयाला फोन लावला, तर रिसीव्हर मी मागून घेईन आणि पुढचे संभाषण मराठीत होईल.